वेलिच्काचा डॉक्टर

डॅन्यूबकाठच्या आमच्या रुसे शहरात नऊ नंबरची ट्रॉलीबस म्हटली की लोक विचारायचे, "कुठली, डॉक्टरवाली का?" डॉक्टर म्हणजे देतेलिन सरांदेव, आमच्या देशाचा लाडका नट. ती ट्रॉलीबस वेलिच्का चालवायची आणि तिच्या केबिनच्या काचेला आतून त्याचा फोटो चिकटवलेला असायचा. अंगात मेंढीच्या कातड्याचा कोट, काखेत कोकरू आणि ओठांवर ते अर्धवट हसू.

वेलिच्का माझी शाळेपासूनची मैत्रीण. मी मिंका, स्टेशनसमोरच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर बसायचे. आमच्या दोघींच्या स्वभावात काडीचं साम्य नाही. ती सात प्रवाशांशी सात विषयांवर बोलत गाडी हाकणार, आणि मी पाच शब्दांत गिऱ्हाईक वाटेला लावणार. तरी आमचं जमायचं.

हे डॉक्टरचं वेड सुरू झालं ऐंशी सालच्या हिवाळ्यात. टीव्हीवर दर शुक्रवारी संध्याकाळी त्याची मालिका लागायची. त्यात तो डोंगरातल्या एका गावचा गुरांचा डॉक्टर होता. गाईंची बाळंतपणं करायचा, भावाभावांची भांडणं मिटवायचा, आणि घरी आल्यावर बायकोच्या हातातली बादली काढून घेऊन म्हणायचा, "बस जरा. दिवसभर उभीच आहेस." एवढंच. पण ते तो असं म्हणायचा की आमच्या बिल्डिंगीतल्या यच्चयावत बायका आपापल्या नवऱ्याकडे वळून बघायच्या, आणि नवरे वर्तमानपत्रात तोंड खुपसायचे.

वेलिच्काला तेव्हा दिवस गेले होते. आधीची दोन पोटातच गेलेली. त्यामुळे या खेपेला दवाखान्यातून ताकीद मिळाली होती, अंथरुणातून हलायचं नाही. नवरा रांगेल डॅन्यूबवरच्या मालवाहू बोटीवर, महिना महिना बाहेर. ती बिचारी भिंतीकडे बघत पडून असायची आणि शुक्रवारची वाट बघायची. मी दुकानातून परस्पर तिच्याकडे जायचे, शेंगांचं सूप गरम करायचे, आणि आम्ही दोघी एका रजईत शिरून डॉक्टर बघायचो.

"मिंके," ती मला म्हणायची, "हा माणूस बोलायला लागला की पोटातलं शांत होतं गं. हात लावून बघ."

मार्चमध्ये सुखरूप मुलगा झाला आणि तिने त्याचं नाव ठेवलं देतेलिन. हे नाव आमच्याकडेही फार कुणाचं नसतं, आणि ते ज्या तीन पानांच्या गवतावरून पडलंय ते आम्ही गुरांना घालतो. रांगेल बोटीवरून उतरून थेट प्रसूतिगृहात आला, पाळण्यात वाकून बघितलं, आणि म्हणाला, "वेले, पोराचं नाव चारा ठेवलंस?"

"डॉक्टरचं ठेवलंय."

"मग मी कोण?"

"तू बाप. तुझं आडनाव आहेच की."

रांगेल हसला. तो हसणाऱ्यातलाच. पुढची वीस वर्षं लोकांनी त्याला डॉक्टरवरून छेडलं, आणि तो दरवेळी म्हणायचा, "असू दे, तो जेवायला तरी येत नाही."

वेलिच्का दरवर्षी डॉक्टरला वाढदिवसाचं कार्ड पाठवायची. त्याची सगळी नाटकं, सगळे सिनेमे तिला तोंडपाठ. आम्ही शेजारणी शुक्रवारी तिच्याकडे जमायचो ती रीतही तेव्हापासून पडली. मालिका संपून कैक वर्षं झाली तरी शुक्रवार चालूच होता. कुणी चीज घालून भाजलेली बानित्सा आणायची, कुणी घरी गाळलेली राकिया, आणि बोलता बोलता कुणीतरी म्हणायचंच, "डॉक्टर असता तर असं वागला असता का?" तो आमच्यातलाच एक होऊन गेला होता म्हणा ना.

मग दोन हजार दोनच्या शेवटी सरांदेवला मोठा राष्ट्रीय सन्मान मिळाला. भाषणात तो कुटुंबाच्या प्रेमाबद्दल बोलला. आणि चार दिवसांनी त्याची पहिली बायको नेवेना पहिल्यांदाच एका वर्तमानपत्राशी बोलली. म्हणाली, हा माणूस मला मारायचा. तालमीत मनासारखं झालं नाही की घरी येऊन माझ्यावर काढायचा. एकदा डिसेंबरात मला बाल्कनीत कोंडून आत जेवत बसला होता. तेरा वर्षं मी गप्प राहिले, पण कुटुंबाचं ते भाषण मला ऐकवलं नाही.

मी ते दुकानात उभ्याउभ्या वाचलं, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

कारण सांगते. माझा नवरा स्तोईल असाच होता. बिल्डिंगीत कुणाचा गॅस वर चढवायचा असो, कुणाच्या म्हातारीला दवाखान्यात न्यायचं असो, स्तोईल पुढे. घराचं दार लागलं की माणूस बदलायचा. मीही एका जानेवारीत रात्रीच्या गाऊनवर जिन्यात उभी राहिले आहे. तेव्हा मला घरात घेतलं ते वेलिच्काने. तीन महिने तिच्या स्वयंपाकघरातल्या कॉटवर झोपले, आणि घटस्फोटाच्या वेळी कोर्टात माझ्या बाजूने बोलली तीही तीच.

म्हणून त्या शुक्रवारी तिने जे केलं ते मला सहन झालं नाही. तिने वर्तमानपत्र चुरगाळून शेगडीत टाकलं.

"प्रसिद्धीसाठी बोलतायत या बाया," ती म्हणाली. "इतकी वर्षं कुठे होती? त्याला सन्मान मिळाला, तेव्हाच बरी आठवण झाली!"

"वेले, मीही किती वर्षं गप्प होते," मी म्हणाले.

"तुझं वेगळं."

"काय वेगळं?"

"स्तोईल मला ठाऊक होता."

"कुठे ठाऊक होता? माझ्या लग्नात तूच त्याच्याबरोबर नाचलीस आणि सगळ्यांना सांगत सुटलीस, मिंकाने नशीब काढलं. तुला कळलं ते मी तुझ्या दारात आल्यावर. समज, मी नेवेना असते आणि तो सरांदेव असता. मला आत घेतलं असतंस का?"

 वेलिच्का उगाचच कपबशा सरळ करत बसली. बाकीच्या दोघी खाली मान घालून बानित्साचे तुकडे चिवडत होत्या. मी कोट उचलला आणि निघून आले.

तो सबंध हिवाळा आम्ही बोललो नाही. नऊ नंबर आली की मी थांब्यावर पाठ फिरवायचे आणि अकरा नंबरची वाट बघायचे, मग ती मला दोन चौक उलटी का नेईना. रांगेल गोळ्या न्यायला दुकानात यायचा आणि हळूच म्हणायचा, "अगं, ती रोज विचारते, मिंका कोणत्या गाडीने गेली." मी म्हणायचे, "सांग तिला, पायी गेली."

एप्रिलमध्ये सरांदेवची नाटक कंपनी रुसेत आली. रविवारी दुपारचा प्रयोग. शहरभर पोस्टर लागली. शेवटी रंगमंचावर जाऊन फुलं द्यायचा मान वेलिच्काला मिळाला. नाट्यगृहवाल्यांनाही तिचं वेड माहीत होतं ना! वीस वर्षांत पहिल्यांदा ती त्याला समोरासमोर भेटणार होती. त्यासाठी तिने नवा ड्रेस शिवल्याचं रांगेलनेच मला सांगितलं.

पुढचं मी स्वतः पाहिलेलं नाही, पण त्या वेळी गाडीत असलेल्या दोघींच्या तोंडून ऐकलंय आणि दोघींचं तंतोतंत जुळतं.

शनिवारी सकाळी वेलिच्काची नेहमीची पाळी होती. हॉटेलजवळच्या थांब्यावर गाडी थांबली आणि मागच्या दाराने सरांदेव चढला. कंपनीची गाडी सुरू होत नव्हती आणि तालमीला उशीर झाला होता. त्याच्यामागून साठीची एक बाई चढली. तिच्या दोन्ही हातांत नाटकातल्या कपड्यांच्या भल्या मोठ्या बॅगा आणि गळ्यात बुटांची पिशवी. ती गांका. त्याचे कपडे सांभाळायची.

वेलिच्काला आरशात तो दिसला आणि ती सारखी आरशात बघायला लागली. गाडीत पाच-सहाच माणसं होती, तीही पुढे. मागे आपल्याला कुणी बघत नाही असं त्याला वाटलं. पण ट्रॉलीबसचा चालक आरशात काय काय बघतो हे प्रवाशांना माहीत नसतं. वेलिच्काने त्या आरशात प्रेमं जमताना पाहिली, खिसे कापले जाताना पाहिले.

सरांदेव बाकावर ऐसपैस बसला. गांका दांडा धरून उभी. बॅगेत भरायचं काहीतरी राहिलं असावं. तो तिला जवळ बोलावून हळू आवाजात बोलायला लागला. शब्द पुढे ऐकू येत नव्हते, पण त्याचा चेहरा आरशात स्पष्ट होता. ओठ ताणलेले, डोळे बारीक. बोलता बोलता त्याने तिच्या दंडाला धरून चिमटा काढला, आणि पिरगाळून तसाच धरून ठेवला. गांका हूं की चूं करत नव्हती. तिने फक्त डोळे मिटले. सवय असल्यासारखे.

पुढच्या थांब्यावर दोन तरुण मुली चढल्या. "अय्या, डॉक्टर!" आणि वेलिच्काने त्याचा चेहरा बदलताना पाहिला. दंड सुटला, गालावर खळी आली, तेच अर्धवट हसू. त्याने मुलींच्या वह्यांवर सह्या केल्या, एकीच्या आजीची चौकशीसुद्धा केली. मुली उतरल्या. चेहरा पुन्हा होता तसा झाला, हात पुन्हा दंडाकडे गेला.

वेलिच्काने ब्रेक दाबला. थांबा नसताना. केबिनचं दार उघडून ती सरळ मागे गेली.

"साहेब, उठा," ती म्हणाली. "ही जागा वयस्कर माणसांची आहे. या बाईंना बसू द्या."

सरांदेवने वर पाहिलं, आणि लगेच तो डॉक्टर झाला. "अरे, माझं लक्षच नव्हतं! बस गं गांका, दिवसभर उभीच आहेस."

मालिकेतलंच वाक्य! गाडीतली माणसं हसली, कुणी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, काय मजा चाललीय. गांका बसली. वेलिच्काने तिच्या हातातल्या बॅगा घेऊन खाली ठेवल्या, आणि वर सरकलेल्या बाहीखाली तिला जुने पिवळे पडलेले डाग दिसले. दोघींची नजरानजर झाली.

तेवढ्यात सरांदेवचं लक्ष केबिनच्या काचेकडे गेलं. "हा तर मी! आण बाई, सही करून देतो." आणि माझ्या या वाघिणीने, एवढं सगळं करून, मुकाट्याने फोटो काढून आणला आणि त्याच्या हातात दिला. "पेनसुद्धा मीच दिलं गं," ती मला नंतर सांगत होती, "वीस वर्षांची सवय!"

पाळी संपली तशी ती माझ्या दुकानात आली. रांगेत चार माणसं होती. ती रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर काउंटरवर हात ठेवून म्हणाली, "मिंके, ती बाई खरं बोलत होती."

मी आधीच्या गिऱ्हाइकाचे पैसे गल्ल्यात टाकत राहिले.

"आणि मी डोळ्यांनी बघितल्यावर मग विश्वास ठेवला. तू सांगितलंस तेव्हा नाही. याचं जास्त वाईट वाटतंय."

मागचा म्हातारा म्हणाला, "बाई, तुम्हाला औषध काय हवंय?"

"हिला काय हवंय ते काउंटरवर मिळत नाही," मी म्हणाले, आणि काउंटरच्या बाहेर येऊन तिला मिठी मारली. म्हातारा जरा कुरकुरला. मग त्याने टोपी काढली. का, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी फुलं घ्यायला आम्ही दोघी गेलो. लाल ट्यूलिप. फुलवाली जुडी बांधत होती तेव्हा वेलिच्का म्हणाली, "त्यातलं एक कमी करू का? सम संख्या होऊ दे."

"वेडी आहेस का? सम फुलं मढ्याला वाहतात."

"तेच म्हणतेय मी."

फुलवाली आमच्याकडे बघतच राहिली. आम्हाला दोघींना असं हसू फुटलं की गुच्छ हातातून पडता पडता राहिला. हिवाळाभराचं साचलेलं हसू होतं ते. शेवटी फुलं विषमच घेतली, कारण तोवर ती कुणाला द्यायची हे वेलिच्काने ठरवलं होतं.

प्रयोग चांगला झाला, खोटं कशाला बोलू. सरांदेव मेलेल्या मुलाच्या बापाचं काम करत होता, आणि दुसऱ्या अंकात तो पाळण्यातली चादर घडी करतो तिथे वेलिच्का ढसाढसा रडली. मी तिच्याकडे रागाने पाहिलं. ती नाक पुसत म्हणाली, "काय करू, येतंय रडू. त्याला मारलं पाहिजे, पण येतंय." मला रडू आलं नाही. मला त्याचे हात दिसत होते फक्त.

शेवटी टाळ्यांच्या गजरात त्याने हात पुढे केला. वेलिच्का जागची हलली नाही. नाट्यगृहाचा माणूस खुणा करून करून थकला. सरांदेव क्षणभर रिकामा हात तसाच धरून उभा राहिला आणि मग त्याने तो हात छातीवर ठेवून प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला. सावरणं त्याला छान यायचं.

आम्ही मागच्या दाराशी गेलो. गांका बॅगा घेऊन बाहेर आली. वेलिच्काने फुलं तिच्यापुढे धरली.

"ते अजून आत आहेत," गांका म्हणाली. "थोडा वेळ लागेल."

"त्यांना नाही. तुम्हाला आणलीत, मावशी."

"मला?" तिने मागे वळून पाहिलं, जणू दुसरी कुणी गांका उभी असावी. "मला कशाला फुलं? मी काही केलं नाही."

पुढे तेच वाक्य ती पुन्हा म्हणाली, पण वेगळ्या सुरात. शेजारच्या कॉफीच्या टपरीवर तिला बसवलं तेव्हा. "मी काही केलं नाही. नेवेनाबाईंच्या डोळ्यावर बर्फ मी धरलाय, दोनदा. पेपरवाल्यांनी विचारलं तेव्हा म्हणाले, मी काही पाहिलं नाही. पेन्शनला तीन वर्षं राहिलीत माझ्या. या वयात मला दुसरं काम कोण देणार?"

वेलिच्काने तिला उपदेश केला नाही. मीही नाही. वेलिच्काच्या घराचा पत्ता दिला, आणि म्हणालो, कंटाळा आला की या.

सही केलेला तो फोटो सोमवारी काचेवर परत लागला नाही, गेला तो गेलाच. लोकांनी विचारलं, "डॉक्टर कुठे गेला?" आणि वेलिच्काने जे पाहिलं ते सांगितलं, प्रत्येकाला, गाडी चालवता चालवता. सगळ्यांना ते आवडलं नाही. बाजारात जाणाऱ्या एका म्हातारीने सुनावलं, "तुला काय करायचंय त्याच्या घरात डोकावून? तो नट आहे, त्याने नाटक करावं, आपण बघावं." आमच्या शुक्रवारातल्या एकीने तर येणंच सोडलं, म्हणे तुम्ही माझं तरुणपण नासवलंत. शाळेतल्या एका बाईंनी विचारलं, "मग आता ती मालिका बघायची नाही का?"

"बघावीशी वाटली तर बघा," वेलिच्का म्हणाली. "मी त्याला माझ्या गाडीतून उतरवलंय, एवढंच."

तिला खरी काळजी होती ती मुलाची. पोरगा बावीस वर्षांचा झाला होता, जहाजांच्या कारखान्यात वेल्डर होता. एका संध्याकाळी जेवताना तिने विचारलंच.

"देतेलिन, तुझं नाव बदलायचं का रे? अर्ज करता येतो."

त्याने ब्रेड रश्श्यात बुडवला. "कशाला?"

"त्या माणसाचं आहे ते."

"आई, कारखान्यात देतेलिन म्हणून हाक मारली की मीच ओ देतो. त्याला कोण ओळखतं तिथे? अर्ध्या पोरांनी ती मालिका पाहिलीसुद्धा नाही." मग जरा थांबून म्हणाला, "लहानपणी तू मला सांगायचीस ना, डॉक्टर असता तर असं वागला नसता? मी तुला कधी बोललो नाही, पण मला वाटायचं तू बाबांबद्दलच सांगतेयस. बाबांचंच दुसरं नाव असेल."

वेलिच्काने त्याच्या ताटात आणखी ब्रेड ठेवला. रांगेलने रश्श्याची वाटी तोंडाला लावली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

गांका त्या उन्हाळ्यात खरंच आली, चार दिवस. पुढच्या उन्हाळ्यात आठ दिवस. दोन हजार सहामध्ये तिला पेन्शन लागली, आणि ज्या आठवड्यात लागली त्याच आठवड्यात ती वेलिच्काच्या स्वयंपाकघरात बसून वर्तमानपत्राच्या बाईशी फोनवर बोलली. सगळं सांगितलं, बर्फासकट. आम्ही दोघी शेजारी वाटाणे सोलत बसलो होतो. सोललेले वाटाणे टरफलांत आणि टरफलं पातेल्यात जात होती, हे नंतर कळलं.

बातमी छापून आली त्या दिवशी दुपारी वेलिच्काकडचाच फोन वाजला. नेवेना होती. गांका उभी राहून ऐकत होती, "हो बाई," "नाही बाई," एवढंच म्हणत. फोन ठेवला आणि खुर्चीत बसली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, तीन वर्षांपूर्वी बोलली असतीस तर बरं झालं असतं. पण आज बोललीस, तेही बरंच झालं. आणि म्हणाल्या, तुझ्या गुडघ्याचं कसं आहे?"

असं म्हणून ती रडायला लागली. वेलिच्काने तिला राकियाचा छोटा ग्लास दिला, आणि मग आम्हीही घेतला.

सरांदेवचं फार काही बिघडलं नाही, तेही सांगितलं पाहिजे. त्याला कामं मिळत राहिली. पण पुढच्या वेळी कंपनी रुसेत आली तेव्हा अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि त्यानंतर ती आली नाही.

गांका आता दर सप्टेंबरात येते, ल्युतेनित्साची चटणी करायच्या दिवसांत. लाल मिरच्यांची पोती अंगणात ओतलेली असतात, रांगेल मिरच्या भाजतो, आम्ही तिघी साली काढतो, आणि टोमॅटोबरोबर मोठ्या कढईत घोटत बसतो. गेल्या साली गांका आणि वेलिच्काचं लसणावरून जोरदार वाजलं. गांकाच्या गावाकडे लसूण घालत नाहीत म्हणे.

"तुमच्या गावाला चव कळत नाही, मावशी."

"आणि तुमच्या गावाला लाज नाही. चार गल्ल्यांपलीकडे वास जातो!"

"मिंके, तूच सांग."

मी म्हटलं, दोन कढया करा. रांगेलने तक्रार केली की भट्टी त्याला एकट्याला बघावी लागते. तरी दोन कढया झाल्या. संध्याकाळी देतेलिन बायको-मुलीला घेऊन आला, आणि गरम ब्रेडवर दोन्ही लावून पाहून झाल्यावर सगळ्यांनी एकमताने लसणाचीच चांगली म्हटली. गांकाने आपली बरणी काखेत घेतली आणि सांगितलं की तुम्ही सगळे एकाच घरचे आहात, तुमच्या मताला काय किंमत! मग तिने हळूच लसणाच्या कढईतला आणखी एक चमचा ब्रेडवर घेतला.